संगणकातील गीतसंग्रह : दोष आणि उपाय

ध्वनिमुद्रिका, फीत किंवा तबकडी यांवरील गाणी संगणकातील संग्रहात आणताना येणाऱ्या अडचणी वरवर पाहता अनेक दिसतात. परंतु प्रत्येक फाइलीत दोन वस्तू नांदत असतात हे ध्यानात घेतले, म्हणजे बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. पहिली वस्तू म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी. दुसरी म्हणजे त्या ध्वनीची ओळख सांगणारी नोंद, जिला 'टॅग' म्हणतात. दोष कोणत्या भागात आहे हे प्रथम ठरवावे आणि मगच उपायाकडे वळावे.

ध्वनीचे दोष

फाइल संग्रहात शिरतच नसेल, तर प्रथम तिचा आकार पाहावा. एमपी-थ्री पद्धतीत सेकंदाला 128 किलोबिट या दराने साठवलेल्या गाण्याला दर मिनिटास सुमारे 1 मेगाबाइट जागा लागते. जुन्या 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे. म्हणजे तिची फाइल या दराने 3 मेगाबाइटच्या आसपास असावयास हवी. ती काही किलोबाइटचीच भरली, तर नक्कल अर्धवट झाली आहे असे समजावे आणि मूळ प्रतीवरून ती पुन्हा करावी.

आकार योग्य असूनही फाइल उघडत नसेल, तर तिचा प्रकार त्या प्रणालीला अपरिचित असण्याचा संभव असतो. अशा वेळी फाइलीच्या नावातील शेवटची प्रकारदर्शक अक्षरे बदलून काही साधत नाही. बाटलीवरची चिठ्ठी बदलल्याने आतले औषध बदलत नसते. येथे रूपांतर करणाऱ्या प्रणालीचेच साहाय्य घ्यावे लागते.

नावांचे दोष

मराठी संग्राहकाला अधिक त्रास होतो तो नोंदींचा. 1996 साली प्रचारात आलेल्या 'आयडी-थ्री' टॅगच्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या व गायकाच्या नावासाठी प्रत्येकी 30 बाइट एवढीच जागा होती. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात. 'बालगंधर्व' या नावात नऊ चिन्हे असल्याने ते 27 बाइटांत बसते. 'नारायण श्रीपाद राजहंस' या त्यांच्या मूळ नावाला मात्र 59 बाइट हवेत. तीस बाइटांत ते 'नारायण श्र' येथेच तुटते आणि पुढे एका अर्धवट चिन्हाचा अवशेष उरतो. उपाय असा की, 1998 नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीचे टॅग वापरावेत. त्यांत अशी तोकडी मर्यादा नाही.

कधी नावाच्या जागी विचित्र रोमन अक्षरांची रांग उमटते व तीत एकच अक्षर दर तिसऱ्या ठिकाणी पुनःपुन्हा येते. याचा अर्थ असा की, बाइट शाबूत आहेत, केवळ वाचणारी प्रणाली चुकीची लिपी गृहीत धरत आहे. योग्य संकेतपद्धती निवडताच नाव परत मिळते. याउलट सर्वत्र प्रश्नचिन्हे दिसत असतील व ती फाइलीतच साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे नष्ट झालेली असतात. ती पुन्हा हातानेच लिहिणे भाग असते. म्हणून प्रश्नचिन्हे दिसताच फाइल तशीच जतन करू नये.

'वाऱ्या' यासारख्या शब्दातील अर्धा 'र' संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना भेद दिसत नाही, पण शोध घेणाऱ्या प्रणालीला ते निराळे शब्द वाटू शकतात. शोधूनही गाणे सापडत नसेल, तर हा शब्द एकाच पद्धतीने पुन्हा लिहून पाहावा.

विखुरलेला संच

1 एप्रिल 1955 पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने प्रसारित केलेल्या 'गीतरामायणा'चे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकर यांची 56 गीते, सुधीर फडके यांचे संगीत. परंतु गायक अनेक. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या कलावंतांचे आवाज त्यात होते. असा संच संग्रहात घातला असता काही प्रणाली गायकागणिक त्याचे तुकडे पाडतात. प्रत्येक गीताच्या 'गायक' या रकान्यात त्या त्या गायकाचे नाव ठेवून 'संचाचा कलाकार' या रकान्यात सर्वत्र एकच नाव लिहिले, की संच जुळतो. फाइलींच्या नावांत अनुक्रमही 01, 02 असा लिहावा. अन्यथा काही ठिकाणी 1 नंतर 10 येतो आणि कथेचा ओघ मोडतो. तुकडे जुळवण्यासाठी सर्व गायकांच्या जागी एकच नाव घालण्याचा मोह मात्र टाळावा. तसे केल्यास संच एकत्र दिसेल, परंतु कोणते गीत कोणी गायिले ही माहिती कायमची पुसली जाईल.

सारांश, मूळ प्रती वेगळ्या जागी सुरक्षित ठेवाव्यात, प्रथम दहाच गाणी घालून पाहावीत आणि त्यांच्या नोंदी तपासूनच उरलेला संग्रह आत घ्यावा. बिघडलेला ध्वनी कानाला तत्काळ कळतो; पुसलेले नाव मात्र जाणकार हयात आहे तोवरच भरून काढता येते.