सगळं पीसीओडीच्या खात्यावर

पाळी दोन-दोन महिने लांबायची, हनुवटीवर राठ केस यायचे, सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक गाठी दिसल्या. पीसीओडीचं निदान झालं आणि ते बरोबरच होतं. घोटाळा पुढे झाला. त्यानंतर जे जे दुखलं-खुपलं, ते त्याच खात्यावर पडत गेलं. वजन वाढलं? पीसीओडी. केस गळतात? तेच. दुपारी डोळे मिटायला लागायचे, तर सल्ला ठरलेला: वजन कमी करा, सगळं आपोआप सुरळीत होईल. भर मे महिन्यात मी पंखा बंद करायला सांगायची, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "आजकालच्या मुलींना काहीच सोसत नाही."

मग पाळीचं रूप पालटलं. लांबणारी पाळी आली की अंगावरून भरमसाट जायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी वजनाचं काही न बोलता विचारलं, शौचाला साफ होते का, कातडी कोरडी पडते का, आवाज जड झालाय का. तिन्हींना माझं उत्तर हो. मग त्यांनी थायरॉइडची तपासणी करायला लावली. टीएसएच निघालं १४. लॅबची वरची मर्यादा चारच्या आसपास. अँटी-टीपीओही वाढलेलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उठलेली. या आजाराला हाशिमोटो म्हणतात आणि पीसीओएस, म्हणजेच पीसीओडी असलेल्या बायकांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो.

गफलत होणं साहजिक आहे म्हणा. थायरॉइड मंदावलं की मेंदूकडून त्याला टोचणारं टीआरएच वाढतं, त्यापायी काहींचं प्रोलॅक्टिनही वाढतं, अंडं सुटत नाही आणि पाळी चुकते. वरून पाहिलं तर पीसीओएससारखंच! म्हणून तर पीसीओएसच्या निदानाच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांतही अशी सारखी दिसणारी इतर कारणं आधी वगळा असं आहे. माझ्या फाईलमध्ये सोनोग्राफ्या ढीगभर होत्या, टीएसएच एकदाही नव्हतं.

थायरॉइडची गोळी सुरू झाली. थंडी गेली, दुपारची झोप गेली, अंगावरून जाणं आवाक्यात आलं. हनुवटीवरचे केस मात्र जागचे हलले नाहीत. ते पीसीओडीचेच होते. तेव्हा थायरॉइडच्या गोळीने पीसीओडी बरा होईल, या आशेवर कुणी चालणं आणि खाण्याचं पथ्य सोडू नये. आणि मैत्रिणीची गोळी वजन उतरवायला म्हणून तर मुळीच घेऊ नये, हृदयावर बेतू शकतं.

गोळीचं पथ्य चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला निदान अर्धा तास थांबायचं. आमच्या घरात हेच सगळ्यात अवघड गेलं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस थांबवा. काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं आणि आजार झाकला जातो. दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

पीसीओडीची फाईल घरी असेल तर आज काढून बघा. त्यात टीएसएचचा कागद नसेल, तर पुढच्या भेटीत स्वतःहून मागा.