स्मोकर घेताना भाता बघा

पेटीचं झाकण उघडलेलं, तीन फ्रेमा बाहेर काढलेल्या आणि स्मोकर विझलेला. मधमाश्या पाळणाऱ्यांवर ही वेळ एकदा तरी येतेच. माझ्यावर आली ती वसईतल्या नंदाखालच्या एका वाडीत, केळीच्या ओळीत. भात्याच्या घडीत चीर गेली होती. दाबला की हवा नळीतून जायच्या ऐवजी माझ्याच मनगटावर येत होती. पेटी मिटेपर्यंत सात डंख बसले. स्मोकर साडेचारशेचा, हंगाम दुसरा. चकचकीत दिसला म्हणून घेतला होता, भात्याची घडी उलगडून बघितली नव्हती.

भाता लावलेला स्मोकर 1870च्या दशकात अमेरिकेत मोझेस क्विनबी यांनी बनवला. त्याआधी हातात पेटता बोळा धरून फुंकर मारायची. आज दीडशे वर्षांनीही वस्तू तीच आहे: पत्र्याचा डबा, तळाशी जाळी, वर चोचीचं झाकण, पाठीला भाता. बिघडण्यासारखं त्यात फार नाही, पण जे आहे ते वसईच्या हवेत फार लवकर बिघडतं.

धूर नेमकं काय करतो हे कळलं की काय विकत घ्यायचं तेही कळतं. माशी डंख मारते तेव्हा धोक्याचा वास सोडते. त्यातला मुख्य घटक आयसोपेंटिल अ‍ॅसिटेट, आणि त्याचा वास थेट पिकल्या केळ्याचा. केळं खाऊन पेटी उघडू नये असं मधपाळ सांगतात ते म्हणूनच. आमच्याकडे तर पेटीच केळीखाली आणि शेजारच्या अंगणात राजेळीची सुकेळी वाळत घातलेली! धुरामुळे हा वास टिपणाऱ्या माशीच्या मिशा काही वेळ बधिर होतात आणि दहा-वीस मिनिटांत पुन्हा जाग्या होतात. शिवाय धूर लागला की माश्या पोटात मध भरून घेऊ लागतात आणि जड होतात. म्हणजे सुरुवातीला एकदा धूर देऊन भागत नाही. पेटी मिटेपर्यंत स्मोकर धुमसता राहायला हवा. विश्वासाचा स्मोकर म्हणजे एवढंच: पंधरा मिनिटं हात न लावता ठेवला तरी न विझणारा.

आकार आधी ठरवा. बाजारात चार इंच व्यासाचे डबे मिळतात, उंची सात इंच किंवा दहा इंच. आपल्या पट्ट्यात बहुतेकांकडे सातेरी माशी असते. तिला धूर बेताचाच लागतो. दारातून दोन-तीन हलके भपके, मिनिटभर थांबायचं, मग झाकण. धूर अंगावर ओतलात तर सातेरी चिडण्यापेक्षा रुसते आणि पेटी सोडून जाते. दोन ते दहा पेट्या असतील तर सात इंची पुरे. मेलीफेरा माशीच्या पन्नास पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे फिरणाऱ्यांनी दहा इंची घ्यावा.

आता पैसे. जस्ताच्या पत्र्याचा साधा स्मोकर 350 ते 600 रुपयांत येतो. स्टेनलेस स्टीलचा, डब्याभोवती चटका न बसण्यासाठी तारेची जाळी असलेला, 900 ते 1500. परदेशी धाटणीचे, चामडी भात्याचे, दोन हजारांच्या पुढे. कुरिअरचे शंभर-दीडशे वेगळे धरा. टोपी, हातमोजे, पटाशी आणि स्मोकर असा संच स्वस्त दिसतो, पण संचातला सर्वांत कच्चा माल बहुधा स्मोकरच असतो. मी सुटा घेईन.

जस्ताचा की स्टीलचा? अर्नाळा, आगाशी, भुईगाव, निर्मळ या पश्चिमेच्या वाड्यांमध्ये खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून साध्या पत्र्याचा तळ दोन पावसाळ्यांत खातो. सहा वर्षांचा हिशोब मांडून पाहा. साडेचारशेचे तीन स्मोकर आणि प्रत्येकाला एकदा दोनशेची भात्याची डागडुजी, म्हणजे 1950. बाराशेचा एक स्टीलचा आणि दोनदा भाता, म्हणजे 1600. साडेतीनशेचा फरक काही डोळे दिपवणारा नाही. पण जस्ताचा तळ पडतो तो नेमका पेटी उघडी असताना, निखारे पायावर सांडत. त्याची किंमत या हिशोबात धरलेली नाही. तुंगारेश्वरच्या पायथ्याला, समुद्रापासून लांब, दोन पेट्या हौसेने ठेवणाऱ्याला मात्र मी जस्ताचाच सांगेन.

दुकानात लोहचुंबक नेतात, ते बरंच आहे. चिकटला तर साधा पत्रा असण्याची शक्यता मोठी. पण चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील असं नव्हे. 304 आणि त्यापेक्षा हलकं 202 ही दोन्ही स्टीलं चुंबकाला फारशी दाद देत नाहीत, आणि 202 खाऱ्या हवेत जोडापाशी लवकर तांबारतं. बिलावर 304 लिहून मागा. दुकानदार कुरकुरला तर उत्तर मिळालं.

आणि मग भाता. यावर पाच मिनिटं घालवा. भात्याचं भोक बोटाने दाबून धरा आणि भाता दाबा. कुठून फुसफुस आली तर ठेवून द्या. बोट काढून दाबा, सोडा. आतल्या स्प्रिंगने तो चटकन फुलला पाहिजे, सुस्तावता कामा नये. भात्याचं भोक आणि डब्याच्या तळाची हवेची नळी समोरासमोर हवीत, मध्ये बोटभर फट ठेवून. ही फट पाहून लोक वस्तू सदोष समजतात, पण ती मुद्दाम असते. भाता दाबत नसताना त्याच वाटेने हवा आत जाते आणि आग जिवंत राहते. घडी उलगडून रेक्झीन पाहा. कोपऱ्यात आत्ताच पांढऱ्या रेघा असतील तर तिथेच ते फाटणार. फळ्या प्लायवूडच्या असतील तर पावसाळ्यात फुगतात, साध्या लाकडाच्या बऱ्या. भाता डब्याला स्क्रूने बसवलेला हवा. खिळ्यांनी ठोकलेला असेल तर बदलताना डबाही वाकतो.

कारण भाता बदलायचाच आहे, आज नाही तर दोन वर्षांनी. नवा मागवण्यापेक्षा इथेच शिवून घ्या. बॅगा दुरुस्त करणारे किंवा रिक्षाच्या सीटा शिवणारे कारागीर हे काम करतात. रेक्झीनचा तुकडा शंभराच्या आत, मजुरी शंभर-दीडशे. मी माझा फाटका भाता घेऊन गेलो तेव्हा त्या काकांनी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि विचारलं, "पेटी कुठे आहे? सूर कुठला लावायचा?" त्यांना हार्मोनियमचा वाटला होता. मधमाश्यांचा म्हटल्यावर त्यांनी घडीच्या कोपऱ्यांत आतून कापडाची पट्टी चिकटवून दिली, जी कंपनीने दिली नव्हती. तो भाता अजून चालतोय. डब्याचा जोड सुटला तर वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली भागांत पत्र्याचं काम करणारे गाळे आहेत. एका टाक्यासाठी यंत्र लावायला ते नाखूश असतात, तेव्हा दोन-तीन मधपाळांची कामं एकदम न्या.

जळणाला पैसा लागत नाही, आणि इथे वसईकर श्रीमंत आहे. नारळाचं सुकं सोडण पिंजून घ्या. त्याचा धूर दाट, थंड आणि टिकाऊ. पेटवायला केळीचं वाळकं सोपट किंवा कागदाचा बोळा. तो पेटला की जाळीपर्यंत ढकला, भाता मारत थोडं सोडण घाला, ज्योत वर आली की आणखी दाबून भरा, शेवटी मूठभर हिरवं गवत. गवताने ठिणग्या अडतात आणि धूर निवतो. धूर मनगटाच्या आतल्या बाजूवर सोडून पाहा. चटका बसला तर माश्यांचे पंख भाजतील. गोणपाट वापरायचं तर नुसत्या तागाचं, औषध किंवा तेल न लागलेलं. प्लास्टिकच्या गोणीचा दोरा आणि प्लायवूडचा भुसा अजिबात नको. तो धूर फ्रेमांवर आणि मधात उतरतो. मध काढायच्या दिवशी तर चांगला धूरही हात राखून द्या, नाही तर बाटलीत वास येतो.

विझवताना चोचीत हिरव्या पानाचा बोळा कोंबा आणि स्मोकर आडवा करून ठेवा. एप्रिलमध्ये वाडीतलं गवत कोरडंठाक असतं, जवळ पाण्याची बादली असू द्या. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एका मित्राने ठेवला होता. रेनकोट गेला, डिकी वाचली.

सोसायटीच्या गच्चीवर आग्या माशीचं पोळं लागलं म्हणून कुणी स्मोकर मागायला आलं तर देऊ नका. आग्याचं काम वेगळं, ते प्रशिक्षित माणसाचं.

नव्याने सुरू करत असाल तर खर्च करण्याआधी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेची जिल्हा कार्यालयात चौकशी करा. तिच्यात प्रशिक्षण असतं आणि साहित्यावर 50 टक्के अनुदान, निम्मे पैसे आपले. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. स्मोकरपुरतं म्हणाल तर तो मात्र स्वतः पारखून घ्यावा असं माझं मत.

देखभाल थोडीच, पण वेळच्या वेळी. झाकणाच्या आत धुराचा काळा चिकटा साचतो आणि एक दिवस झाकण उघडतच नाही. दर तीन-चार वापरांनी, कोमट असतानाच पटाशीने खरवडा. स्टीलचा डबा भाता काढून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवला तर सकाळी लख्ख होतो. जस्ताच्या डब्याला सोडा लावू नका, जस्त खातो. राख तर एक दिवसही आत ठेवू नये, दमट हवेत ओली राख पत्रा कुरतडते. मृगाआधी डबा रिकामा करून आतबाहेर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, भाता सोडवून कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन्ही वेगवेगळे, वर्तमानपत्रात गुंडाळून पोटमाळ्यावर टांगा. भाता दाबून बांधू नका, स्प्रिंग बसते. दसऱ्याला उतरवला की आधी अंगणात पेटवा आणि चहा घ्यायला आत जा. बाहेर याल तेव्हा चोचीतून धूर येत असेल तरच वाडीत न्या.