अजरखचे उस्ताद

गडद निळ्या व लाल रंगांची, चांदण्यांच्या नक्षीची ओढणी तुम्ही पाहिली असेल. अशा ठशांनी छापलेल्या एका कापडाला अजरख म्हणतात. अरबी भाषेत 'अज़रक' म्हणजे निळा. त्यावरून हे नाव आले, असे पुष्कळ लोक मानतात. कच्छमध्ये मात्र दुसराच अर्थ सांगतात : 'आज रख', म्हणजे आजचा दिवस कापड तसेच राहू द्या! तुम्हांला हा अर्थ समजावून सांगायला नको.

तो अगदीच खोटाही नाही. या कामात घाई चालत नाही. कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात व उन्हात वाळवतात. जिथे पांढरा रंग राखायचा, तिथे लाकडी ठशाने चुना व डिंक लावतात. काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस ठेवतात. लाल रंगाच्या जागी तुरटी लावतात. गंमत अशी, की तेव्हा तिथे लाल काहीच दिसत नाही. मग कापड निळीच्या हौदात बुडवतात. बाहेर काढल्यावर ते हिरवट दिसते आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. शेवटी मंजिष्ठेच्या पाण्यात उकळले, की तुरटीची जागा लाल होऊन उठते. कापड कधी बाहेर काढावे, हे घड्याळ सांगत नाही. ते उस्तादाजवळ उभे राहूनच शिकावे लागते.

कच्छमधील धमडका हे अशा रंगाऱ्यांचे गाव. येथील खत्रींचे पूर्वज सिंधमधून आले. गुरे पाळणारे मालधारी हे त्यांचे जुने गिऱ्हाईक. विसाव्या शतकात स्वस्त रासायनिक रंग आले, मालधारी गिरणीचे कापड वापरू लागले आणि जुने रंग मागे पडले. 1970 च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी ते रंग पुन्हा करायला घेतले. रज्जाक, इस्माईल व जब्बार या मुलांनाही ते शिकवले. मला वाटते, हे शिकवणे त्यांच्या कापडाहूनही मोठे काम होते.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. धमडक्यात घरे पडली, आणि पुढे पाणीही बिघडले. त्यात लोह वाढले. लोहाने रंग काळवंडतो, म्हणजे सारी मेहनत वाया! तेव्हा काही कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. काही धमडक्यातच राहिली. इस्माईल खत्रींनी नव्या गावात घरच्या मुलांना शिकवलेच, शिवाय देशोदेशींहून आलेल्या विद्यार्थ्यांनाही हे काम दाखवले. 2003 मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

अजरख पुन्हा पुन्हा धुवावी लागते, आणि कच्छमध्ये पाऊस थोडा. त्यामुळे अजरखपुरात पाण्याची काळजी आजही आहेच.