जायफळाची किंमत

श्रीखंडात आई जायफळ किसून घालते. एके काळी जायफळ फक्त आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर पिकत असे. तेथील लोक ते अनेक व्यापाऱ्यांना विकत. डच ईस्ट इंडिया कंपनीला मात्र मक्तेदारी हवी होती. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल कून याने बेटांवर स्वारी केली. सुमारे १५,००० रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. मग बागा डच मळेवाल्यांना वाटल्या आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. तेथील गुलामगिरी कायद्याने १८६० मध्ये संपली.

परीक्षेत आपण ‘सागरी शोधांचे फायदे’ लिहितो. शोध कोणाला लाभला आणि कोणाला भोवला, हेही लिहायला शिका. पालकांनीही हा प्रश्न घरी मुलांना जरूर विचारावा.