हाली, कलदार आणि विमानाचें तिकीट

गेल्या पावसाळ्यांत एक पालक बाई हातांत कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा दुबईस कामाला आहे. दिवाळीनंतर बहिणीच्या लग्नास तो यावा म्हणून त्याचें दुबई ते हैदराबाद तिकीट हळदीच्या आलेल्या पैशांतून इकडूनच, धाकट्या भावाच्या मोबाईलवर काढलें होतें. तिकिटाची किंमत ५०० दिरहम. त्या दिवसाच्या भावानें तिचे बारा हजार रुपये होत असतां खात्यांतून मात्र साडेबारा हजारांहून अधिक रुपये गेले. "गुरुजी, मधले पैसे कोणीं खाल्ले?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. तो प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा आहे असें वाटल्यावरून त्याचें उत्तर येथें जरा विस्तारानें देत आहों.

हा प्रश्न आपल्या डोंगरकड्यास नवा नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्याचें नाणें वेगळें होतें. त्यास हाली सिक्का म्हणत. त्यावर चारमिनाराचें चित्र असे. पैनगंगा ओलांडून उमरखेड-पुसदकडे गेलें कीं वऱ्हाड लागे. तेथें इंग्रजी रुपया चाले. त्याचें नांव कलदार. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. दोन्ही रुपयेच, दोहोंचे आणे सोळाच, पण दोहोंचें मोल एक नव्हे. सरकारी हुंडणावळ १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली अशी होती. हा आंकडा विचित्र दिसतो खरा, पण विद्यार्थ्यांनीं त्यास १०० नें भागून पाहावें, म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार हा सोपा हिशेब त्यांत लपलेला सांपडेल.

सातास सहा हें प्रमाण आलें कोठून? दुसऱ्या महायुद्धापूर्वींचा कलदार रुपया ११.६६४ ग्रॅम वजनाचा असे व त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा, व त्यांत हजारांत ८१८ भाग चांदी. गुणाकार केला म्हणजे कलदारांत सुमारें १०.६९ ग्रॅम आणि हालींत सुमारें ९.१४ ग्रॅम चांदी निघते. आतां पहिल्यास सहानें व दुसऱ्यास सातानें गुणा. दोन्हीं बाजूंस चौसष्ट ग्रॅमच्या आसपास चांदी येते. तेव्हां हा दर कोणाच्या लहरीवर ठरलेला नव्हता, तो नाण्याच्या पोटांतच होता. आमच्या मतें त्रैराशिक शिकविण्यास याहून चांगलें उदाहरण आपल्या जिल्ह्यांत मिळणार नाहीं.

परंतु सरकारी दर एक आणि सराफाच्या पेढीवरचा दर दुसरा. नाणें बदलून देणारा आपला बट्टा कापून घेई, कारण तोच त्याचा धंदा. ज्यास हिशेब येई तो आधीं विचारी, "भाव हालीचा कीं कलदाराचा?" आणि ज्याच्यापाशीं दोन्ही नाणीं असत तो ज्या नाण्यांत भाव सांगितला त्याच नाण्यांत पैसे देई, त्याचा बट्टा वांचे. ज्याच्यापाशीं एकच असे त्यानें निदान बदल कोण करतो आणि किती कापतो एवढें पाहावें लागे. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीस आला आणि पुढें त्याच दशकांत हाली व्यवहारांतून गेला. सराफ मात्र गेला नाहीं, त्यानें फक्त जागा बदलली.

आतां बाईंच्या कागदाकडे वळूं. आंकडे हिशेबास सोपे पडावेत म्हणून आम्हीं थोडे वळते करून घेतले आहेत. एका दिरहमास २४ रुपये धरूं, म्हणजे ५०० दिरहमांचे १२,००० होतात. पैसे भरतेवेळीं पडद्यावर दोन पर्याय येतात: दिरहमांत भरा, किंवा आपल्या सोयीसाठीं रुपयांत भरा. रुपयांचा आंकडा ओळखीचा असल्यामुळें मनुष्य तिकडेच बोट नेतो. पण येथें चलन बदलून देणारा विक्रेत्याच्या बाजूचा असतो व दरही त्याचाच. त्यानें शेंकडा पांच चढविले असें धरलें तर १२,६०० होतात. शिवाय विक्रेता परदेशांतला असल्यामुळें कांहीं बँका रुपयांत भरलेल्या अशा रकमेवरही शुल्क लावतात. तें शेंकडा एक धरलें तर १२६ रुपये, आणि त्या शुल्कावर शेंकडा अठरा प्रमाणें वस्तु व सेवा कर २२ रुपये ६८ पैसे. एकूण १२,७४८ रुपये ६८ पैसे.

तेंच दिरहमांत भरलें असतें तर? मग बदल आपल्या कार्डाची बँक करते. तीही फुकट करीत नाहीं. शेंकडा दोन ते साडेतीन चढवितात असें सामान्यतः दिसतें. तीन धरूं: ३६० रुपये, त्यावर कर ६४ रुपये ८० पैसे. एकूण १२,४२४ रुपये ८० पैसे. दोहोंतील अंतर ३२३ रुपये ८८ पैसे. एका बोटाच्या चुकीची ही किंमत. ज्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचें शुल्कच नाहीं त्यांस बारा हजारांच्या आसपासच पडतें. पण अशीं कार्डें थोडीं, आणि कित्येकांस वर्षाची वेगळी वर्गणी असते, ती विसरूं नये. आपल्याकडील नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळांत बंद असतो, तो आपण होऊन चालू करावा लागतो, हेंही ध्यानांत असावें.

आणि सर्वांत स्वस्त मार्ग कोणता होता? मुलानें आपल्या दुबईच्या खात्यांतून ५०० दिरहम भरावयाचे. पगार दिरहमांत, किंमत दिरहमांत. बदल नाहीं, म्हणून बट्टाही नाहीं. बाईंस हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "त्यानें खर्च करूं नये म्हणून तर आम्हीं भरले." आईच्या मनाचा हिशेब वेगळा असतो, त्यापुढें आमचें त्रैराशिक थोडें लंगडें पडलें हें कबूल करतों.

परकी चलन निवडलें कीं पैसे वांचतातच, असा एक समज हल्लीं पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. तिकिटाचा मूळ दर बहुधा जेथून प्रवास सुरू होतो त्या देशाच्या चलनांत ठरतो आणि इतर चलनांतले आंकडे त्यावरून काढलेले असतात. एखादें चलन एकाएकीं घसरलें आणि विक्रेत्याचा दर मागें राहिला, तर थोडा वेळ दोन आंकड्यांत फरक पडतो; जाणता ग्राहक तो साधून घेतो. दिरहमाच्या बाबतींत मात्र अशी एक अडचण आहे कीं तो १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानें बांधलेला आहे, त्यामुळें दिरहम सोडून डॉलर निवडण्यांत सहसा कांहीं हातीं लागत नाहीं. देशांतल्या देशांत प्रवास असेल तर रुपये सोडून दुसरीकडे पाहूंच नये. तिकीट रद्द झालें तर परतावा त्या दिवसाच्या दरानें येतो, आणि तो दर आपल्या बाजूचा असेलच असें नाहीं. स्वस्त विमानांत पेटीचें वजन व जागेची निवड यांचे वेगळे पैसे पडतात. चलनाच्या खटपटींत वांचलेले तीनशें रुपये एका जादा बोचक्यापायीं जातात, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

बाईंचा मुलगा लग्नास वेळेवर आला. परतीचें तिकीट त्यानें स्वतः काढलें. तें हैदराबादहून निघणारें असल्यामुळें किंमत रुपयांत होती, आणि पैसेही त्यानें येथल्या खात्यांतून रुपयांतच भरले.

आतां आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण. डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्यानें उमरखेडच्या बाजारांत ८४ कलदारांस बैलजोडी ठरविली. त्याच्या कशांत सर्व हाली. सराफ सातास सहा हाच दर देतो, पण दर कलदारामागें अर्धा आणा हाली बट्टा घेतो. शेतकऱ्यानें कशांतून किती हाली रुपये व आणे काढावे? उत्तर रीतीसह वहींत लिहून आणावें.