कापसाचा भाव आणि भावाची बातमी



कापूस आपल्या शिवारात पिकतो. पण त्याचा भाव आपल्या शिवारात ठरत नाही. सूतगिरण्यांना किती रुई हवी, परदेशात किती पिकली, न्यूयॉर्कच्या बाजारात काय भाव निघाला, यावर तो वरखाली होतो. ही दूरची बातमी यवतमाळ, वणी, पांढरकवड्याला कशी येते? आणि आधी कोणाला कळते? ते आज पाहू या.

तारेचे दिवस

फार पूर्वी विलायतेची बातमी जहाजाने येई. तिला कित्येक आठवडे लागत. मग विजेची तार आली. १८५५ साली आपल्या देशात तार लोकांसाठी खुली झाली. १८७० साली समुद्राच्या तळातून टाकलेली तार मुंबईला पोचली. आठवड्यांचे काम तासांवर आले.

तारेची युक्ती सोपी होती. एका टोकाला तारमास्तर कळ दाबी. थोडा वेळ दाबली की एक खूण, जास्त वेळ दाबली की दुसरी खूण. या दोनच खुणांतून सारी अक्षरे बनत. दुसऱ्या टोकाचा मास्तर ती ऐकून कागदावर उतरवी.

आपला कापूस यवतमाळहून मूर्तिजापूरला छोट्या आगगाडीने जाई. लोक तिला शकुंतला म्हणत. माल गाडीने जाई, बातमी तारेने. बातमी नेहमी मालाच्या पुढे धावे.

पण तारेला शब्दागणिक पैसे पडत. ती व्यापाऱ्याला परवडे. कास्तकार बंडी भरून बाजारात येई. अडत्या म्हणे, "भाऊ, मुंबईचा भाव उतरला." खरे की खोटे, कसे कळणार? बंडी परत न्यावी, तर बैल थकलेले आणि घरी पैशाची नड. मग मिळेल त्या भावाने कापूस द्यावा लागे. ज्याला बातमी आधी, त्याच्या हाती सौद्याची दोरी!

१४ जुलै २०१३ हा आपल्या देशात तारेचा शेवटचा दिवस ठरला. तोवर मोबाईल घरोघरी आला होता.

मोबाईलची वाट

मोबाईलही दोनच खुणा जाणतो, शून्य आणि एक. आपले बोलणे, लिहिणे, फोटो, सारे तो या खुणांत बदलतो. त्या खुणा हवेतून लहरींनी जवळच्या टॉवरवर जातात. तेथून पुढे बहुधा जमिनीखालच्या केबलमधून जातात. या केबलमध्ये काचेचे बारीक धागे असतात आणि त्यांतून उजेड धावतो. अशा केबली समुद्राखालूनही गेल्या आहेत. बँक, जिनिंग, बाजार समिती, व्यापारी, सारे या एकाच जाळ्यात जोडलेले आहेत. या जाळ्याला इंटरनेट म्हणतात. आता त्याचे एक टोक आपल्या खिशात आहे.

भावाचा तक्ता वाचा

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजारांचे भाव इंटरनेटवर देते. तक्त्यात बाजार समितीचे नाव, आवक आणि तीन दर असतात. कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. पुष्कळांची नजर जास्तीच्या दरावर जाते. तो थोड्याच मालाला मिळालेला असतो. आपण सर्वसाधारण दर पाहावा. बहुतेक माल त्याच्या आसपास विकला जातो.

तारीखही वाचावी. जुना भाव व्हॉट्सअॅपवर फिरत राहतो. समजा, दोन बाजारांत क्विंटलमागे २०० रुपयांचा फरक आहे. १० क्विंटलला २,००० रुपये झाले. त्यातून गाडीभाडे वजा करा. मगच कोठे जायचे ते ठरवा.

सरकारचा हमीभावही ठाऊक असावा. २०२५-२६ च्या हंगामात तो लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल होता. भारतीय कापूस महामंडळ या भावाने खरेदी करते. त्या हंगामात नोंदणी 'कपास किसान' या मोबाईल अॅपवर होती. कापसात ८ टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात. त्याहून ओला कापूस घेत नाहीत. म्हणून कापूस वाळवून न्यावा.

पैसा जपा

२०१६ पासून यूपीआयने मोबाईलवरून पैसे देता-घेता येतात. एक गोष्ट पक्की गाठ मारून ठेवा. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन लागत नाही. कोणी म्हणेल, "कापसाचे पैसे टाकतो, पिन दाबा." दाबू नका! ओटीपीही कोणाला सांगू नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना आकडे शिकविले. तुम्हांला इतकेच सांगतो. तार गावाजवळ आली, तरी कास्तकाराला तिचा उपयोग झाला नाही. आता यंत्र हाती आहे आणि अक्षरही हाती आले आहे. तेव्हा कापूस भरण्याआधी भाव स्वतः वाचा. शेजाऱ्याला येत नसेल, तर त्यालाही वाचून दाखवा.

प्रश्न

१. तारेच्या काळात भाव आधी कोणाला कळे? का?
२. तीन दरांपैकी कोणता दर पाहावा?
३. पिन केव्हा लागतो आणि केव्हा लागत नाही?