शाळा कुरणात गेली तेव्हा

प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांची शाळा मध्येच सुटली असेल. कोणाला गुरे राखावी लागली असतील, कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागले असेल, तर कोणाला वर्गातली भाषाच परकी वाटली असेल. हजेरीपटावर मात्र या सर्वांची नोंद एकाच शब्दाने होते : ‘गैरहजर’. वर्गाची शिस्त आणि मुलाचे घर यांचा परस्परांशी कसा संबंध असतो, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

मूळ पाठ

वर्गव्यवस्थापन म्हटले की सरळ रांगा, हाताची घडी घालून बसलेली मुले आणि शिक्षकाच्या हातातील छडी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. यांपैकी छडीला आता कायद्यात स्थान उरलेले नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार मुलास शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे निषिद्ध आहे. परंतु छडी गेली, तरी छडीमागची समजूत जातेच असे नाही. उशिरा येणारे मूल बेशिस्त, न बोलणारे मूल मंद, न येणारे मूल आळशी, अशी ही समजूत आहे.

ही समजूत फार पूर्वी एका ठिकाणी तपासून पाहिली गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष न देता या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच ‘अंगणवाडी’. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे हा शब्द पुढे देशभर पोहोचला.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील मुले प्रामुख्याने वारली समाजाची. पाडे विखुरलेले, आणि सकाळ झाली की मुले गुरांमागे रानात गेलेली. शाळेची घंटा ऐकायला तेथे होते कोण? म्हणून शिक्षकच गुरांच्या मागोमाग कुरणात गेले. गुरे चरत असत आणि मुले शिकत असत. खडे, पाने, बिया हेच मोजण्याचे साहित्य. या शाळेला ‘कुरणशाळा’ असे सार्थ नाव मिळाले. धाकट्या भावंडांमुळे ज्या मुली घरी अडकत, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगी शिस्त मोडत नाही, तर ती दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी पार पाडत असते, हे येथे ओळखले गेले.

आजच्या शिक्षकाने वर्ग उचलून रानात न्यावा, असे येथे सुचवायचे नाही. वेळापत्रक, तपासणी, एकाच खोलीत तीन-चार इयत्ता या त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु मूल येत नसेल तर आधी कारण शोधावे, शेरा मागाहून मारावा, एवढे तर कोणत्याही वर्गात करता येईल.

भाषेचेच पाहा. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू भाषा बोलली जाते. ती मुंडा कुळातील आहे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. पहिलीत आलेल्या कोरकू मुलाला “पुस्तक उघड” असे सांगितले आणि ते नुसते पाहत राहिले, तर ती अवज्ञा खचितच नव्हे. शिक्षकाने त्याच्या भाषेतील पाचपन्नास शब्द शिकून घ्यावेत; ते शिकवण्याचा मान वर्गातल्या मुलांनाच द्यावा. गुरुजींचा चुकीचा उच्चार ऐकून मुले हसतील. हसू द्यावीत! चुकण्याची भीती अशीच जाते. उपर्युक्त अधिनियमाच्या कलम २९ मध्येही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे.

ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गोष्ट निराळी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती आईबापांबरोबर कारखान्याच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. परतलेल्या मुलाला शेवटच्या रांगेत बसवले, तर ते पुढच्या वर्षी परतेलच असे नाही. याउलट उसाची मोळी, गाडीतले वजन, मुकादमाकडची उचल यांवरचे हिशेब त्याने फळ्यावर मांडले, तर सारा वर्ग त्याच्याकडून काही शिकेल.

एक सावधगिरी मात्र हवी. वार्षिक संमेलनात आदिवासी नृत्य बसवायचे आणि एरवी त्याच मुलांना त्यांच्या बोलीवरून चिडवू द्यायचे, हा संस्कृतीचा आदर नव्हे. वर्ग रोज कोण झाडतो, पाणी कोण भरते, पुढे कोण बसते आणि कोणाचे नाव चुकीचे उच्चारले जाते, यांवरून वर्गाची खरी परीक्षा होते.

पाठगत प्रश्न

१. बोर्डी येथे बालवाडी वस्तीच्या अंगणात का न्यावी लागली?
२. ‘कुरणशाळा’ हे नाव सार्थ का आहे?
३. तुमच्या स्वतःच्या किंवा परिचयाच्या एखाद्या व्यक्तीच्या शाळा सुटण्याचे कारण आठवा. त्या वेळी शिक्षकाला काय करता आले असते, ते आठ-दहा ओळींत लिहा.